सदरातल्या बाईचा हिशोब

कोणाच्या साखरपुड्याला, मुंजीला गेलं की एक ठरलेला प्रकार होतो. ओळख करून देणारा म्हणतो, "या विनोदी लिहितात बरं का," आणि समोरचे चार जण एकदम माझ्याकडे बघायला लागतात, म्हणजे आता ही काहीतरी बोलणार आणि आपण हसणार अशा तयारीत. मी म्हणते, "नमस्कार." मग जरा वेळाने त्यांच्यातलंच कोणीतरी शेजारच्याला सांगतं, "लिहिते तशी नाहीये हां." बरोबरच आहे त्यांचं. मी तशी नाहीच. सदरात जी 'मी' असते ना, ती वेगळीच बाई आहे. तिला मी दर आठवड्याला सहाशे शब्द देते, ती मला मानधन मिळवून देते, बाकी आमचा फारसा संबंध नाही.

त्या बाईला गाडी रिव्हर्स घेता येत नाही. बँकेत गेली की तिची सही बदलते. व्हॉट्सॲपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' ती नेमकी वाढदिवसाच्या फोटोखाली टाकते. आणि मी? मी लाइटबिल आल्या दिवशी भरते, किल्ल्या खुंटीला लावते, माझी सही कॉलेजपासून तसूभर हललेली नाही. आता असल्या बाईवर सहाशे शब्द कोण वाचणार सांगा. व्यवस्थित माणसाचा विनोद होत नाही, फार तर सत्कार होतो.

सुरुवातीला मला वाटायचं विनोदी सदर म्हणजे आजूबाजूच्या लोकांची मजा लिहायची. आमचे तेव्हाचे संपादक एकदा मॅटर वाचता वाचता म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांना हसताय, छान आहे, पण वाचकाने कोणाला हसायचं?" तेवढंच बोलले आणि फोन घेतला. त्या वाक्यातून ही बाई जन्माला आली असं म्हटलं तरी चालेल. सकाळी चहाबरोबर पुरवणी उघडणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा थोडं जास्त गोंधळलेलं कोणीतरी हवं असतं. थोडंच हां. वाचकापेक्षा बोटभर बावळट. हातभर झाली की तो म्हणतो छे, असं कोणी नसतं, आणि बरोबरीची झाली की त्याला स्वतःचंच वाईट वाटायला लागतं. हा जो बोटभराचा फरक आहे ना, तो सांभाळणं हाच धंदा, बाकी शब्द काय सगळ्यांकडेच असतात.

ही युक्ती जुनी आहे अर्थात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 1902 मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात विनोदी लेख लिहायला घेतले, आणि पुढे सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं उभे केले. हे तिघे जुन्या समजुतींची बाजू इतक्या हिरिरीने घेतात की ती बाजूच आडवी होते. कोल्हटकरांनी तेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं तर लोकांनी व्याख्यान म्हणून सोडून दिलं असतं. आणि चिं. वि. जोशी तर पाली भाषेचे, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक, बडोद्याला प्राध्यापक, केवढा गंभीर माणूस, पण लोकांच्या लक्षात कोण आहे तर चिमणराव. त्यातून 1970 च्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर मालिका आली आणि आता चिमणराव म्हटलं की दिलीप प्रभावळकरांचा चेहरा समोर येतो. जोशींचा चेहरा किती जणांना ओळखता येईल कोण जाणे. म्हणजे आपण एक माणूस बनवायचा, त्याने आपल्याला खायचं, मग त्याला टीव्हीने खायचं, असं ते आहे.

पण या यादीकडे बघताना मला दरवेळी दुसरीच एक गोष्ट दिसते, फ्रीलान्स असल्यामुळे दिसत असेल. कोल्हटकर वकील होते. जोशी प्राध्यापक. द. मा. मिरासदार मराठी शिकवायचे. पु. लं.नी प्राध्यापकी केली, रेडिओत होते, दूरदर्शनमध्ये होते. अत्रे आधी शिक्षक, मग पेपरच त्यांचा. थोडक्यात मराठी विनोदाला बराच काळ पगार होता. महिन्याच्या एक तारखेला निर्धास्त असलेल्या माणसाला विनोद सुचणं आणि ज्याचं मागच्या तिमाहीचं मानधन अजून 'अकाउंट्सला पाठवलंय' या अवस्थेत आहे त्याला सुचणं, यात फरक पडतो की नाही? माझं मत, पडतो. पगारी लेखक वेळ लागला तर लागू दे म्हणू शकतो. आम्ही बुधवारी संध्याकाळी पाचला मॅटर देतो, सुचलेलं असो नसो.

सुचणं ही तशी अडचण नसतेच, खरं सांगायचं तर. सगळ्यांना वाटतं, "तुम्हाला दर आठवड्याला सुचतं कसं हो?" सुचतं हो. नळ गळतो, पाहुणे येतात, सोसायटीची मीटिंग होते, मुलगा गणितात नापास होतो, विषयांना तोटा नाही. अडचण असते वाक्याच्या शेवटाची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि विनोदाची जागा पण शेवटीच असते, दोघांना एकच खुर्ची. हसू यायचा शब्द आला की लगेच मागून 'आहे', 'होतं', 'करण्यात आलं' येतं आणि आलेलं हसू परत जातं. एक उदाहरण देते. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, 'आमच्या ह्यांनी हॉलमध्ये ठोकलेला खिळा शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये बाहेर आला होता.' ठीक आहे, वाईट नाही, पण 'होता'ने घात केला. मग 'होता' काढलं. मग 'बाहेर आला' काढलं. मग बेडरूम काढली. शेवटी राहिलं ते असं: 'आमच्या ह्यांनी हॉलमध्ये खिळा ठोकला. फोटो शेजारच्यांनी लावला.' मधलं सगळं वाचकाने आपलं आपण बघायचं, भिंत, भोक, शेजाऱ्यांचा चेहरा, सगळं. एवढ्याला अर्धी सकाळ गेली. आणि छापून काय आलं? 'आमच्या ह्यांनी हॉलमध्ये खिळा ठोकला. तो भिंतीतून पलीकडे गेल्याने त्यावर शेजारच्यांनी फोटो लावला.' डेस्कवर कोणीतरी नवीन होता, त्याला वाटलं बाईंचं वाक्य राहून गेलंय. प्रामाणिक मुलगा, पुढे बातम्यांमध्ये चांगलं नाव काढलं त्याने.

खिळा खरं तर मी ठोकला होता आणि तो सरळ बसला. आमच्याकडे हातोडी माझ्या हातात असते. पण सदरातले 'हे' वेगळे, घरातले वेगळे. घरातल्यांनी सुरुवातीला एकच अट घातली होती, "ऑफिसबद्दल काही लिहू नकोस," आणि मी ती पाळली. बाकी त्यांना घोरवलं, हरवलं, ट्रेन चुकवायला लावली, एकदा सासुरवाडीला भलत्याच घरात जेवायला बसवलं, काही बोलले नाहीत. एक मात्र मी कधी केलं नाही, आमचं खरं भांडण कधी सदरात घातलं नाही. खऱ्या भांडणाला धड शेवट नसतो आणि सहाशे शब्दांत बसत पण नाही. मुलाला मात्र पाचवीपासून वापरला, आणि तो सदरात अजून सातवीतच आहे. खरा नोकरीला लागला, भाड्याने घर घेतलं, तरी सदरात त्याची भूगोलाची वही हरवलेलीच आहे. परवा म्हणाला, "आई, माझ्या नावावर इतकी वर्षं कमावतेस, माझं पर्सेंटेज काय?"

मी त्याला कॉपीराइट कायदा ऐकवला. 1957 चा कायदा आहे. पेपरात नोकरी करणाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं छापायचा हक्क मालकाचा, पण फ्रीलान्सरने लिहिलेलं लेखकाचंच राहतं, लेखी सही करून दिल्याशिवाय ते कोणाचं होत नाही. सही दिली आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात. आणि लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे. म्हणजे ती बाई माझ्या नंतर साठ वर्षं बँकेत चुकीच्या सह्या करत राहिली तर त्याचे पैसे तुलाच, थांब जरा, असं सांगितलं. तो म्हणाला तोपर्यंत बँका राहतील का.

इनकम टॅक्सचा कायदा मात्र आमच्यापेक्षा विनोदी. मी ज्याच्या भरवशावर इतकी वर्षं रिटर्न भरले त्या 1961 च्या कायद्यात पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळायची, अटी होत्या पण मिळायची. मी खूश होऊन सीएकडे गेले तर त्याने पुढची ओळ दाखवली, की यात डायऱ्या, गाइडं, मासिकं, वर्तमानपत्रं, पत्रकं वगैरे धरायची नाहीत. म्हणजे दहावीचं गाइड आणि माझं सदर एका रांगेत. त्याच कायद्यात मिळालेल्या पैशांतले निम्मे नफा म्हणून दाखवून हिशोबाच्या वह्यांतून सुटायची सोय इंटिरियर डेकोरेटरला होती, सिनेमाचे संवाद लिहिणाऱ्याला होती, सदर लिहिणाऱ्याला नव्हती. मी सीएला म्हटलं, माझी पात्रं पण संवादच बोलतात. तो म्हणाला, "मॅडम, कॅमेरा कुठेय?" माझ्यापेक्षा बरं लिहिल तो.

आणि पुस्तक म्हणजे काय, तर सदरांचा संग्रह. प्रकाशक म्हणतात संग्रह चालत नाहीत, आणि छापतात. हजाराची आवृत्ती, दोनशे रुपये किंमत, दहा टक्के रॉयल्टी, म्हणजे सगळी संपली तर वीस हजार, तीही संपायला लागतील तेवढी वर्षं वाटून. खरे पैसे, म्हणजे त्यातल्या त्यात खरे, दिवाळी अंकांत आणि भाषणांत. दिवाळी अंकांचं मला कौतुक आहे, 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही एक गोष्ट आपण सोडलेली नाही. फक्त त्याचं कॅलेंडर उलटं असतं. जूनमध्ये फोन येतो, ऐन पावसात छत्र्या वाळत घातलेल्या घरात बसून फराळावर विनोद करायचे, ऑगस्टपर्यंत मजकूर द्यायचा, आणि मानधन संक्रांतीच्या आसपास, तिळगूळ घ्या म्हणून. काही ठिकाणी अंक हेच मानधन. मग तोच अंक दोनदा येतो, एक लेखकाची प्रत म्हणून आणि एक चुकून.

घरबसल्या घरावर लिहिणाऱ्या सगळ्या बायकांची थोरली जाऊ म्हणजे एर्मा बॉम्बेक. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटनची. तीन मुलं सांभाळत 1964 मध्ये तिने एका छोट्या साप्ताहिकात सदर सुरू केलं, एका लेखाचे तीन डॉलर. पुढे तेच सदर नऊशेवर वर्तमानपत्रांत जायला लागलं. आपल्याकडे हे सिंडिकेशन मराठीत जमलंच नाही, इथे एकच लेख दोन पेपरांना दिला तर दोन्ही संपादक बोलायचे बंद होतील. पण मला तिच्या बाबतीत आकड्यांपेक्षा वेगळं काही बघायला आवडतं. ती सदरात शेवटपर्यंत मळक्या कपड्यांच्या ढिगाशेजारी उभी असलेली बाई राहिली, आणि खरी एर्मा अकरा वर्षं टीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात होती, बायकांच्या समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी गावोगाव भाषणं करत फिरत होती. विशीतच तिला किडनीचा आनुवंशिक आजार असल्याचं कळलं होतं, ते तिने वाचकांना 1993 मध्ये सांगितलं. इतकी वर्षं सदरातली बाई निरोगी! 1996 मध्ये किडनी बदलल्यानंतर ती गेली. (विनोदी लेखकांचं आणि किडनीचं काय वैर आहे कळत नाही. अमेरिकेतलेच विनोदी सदरकार आर्ट बुकवाल्ड डायलिसिस नको म्हणून 2006 मध्ये हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटचे दिवस काढायच्या ठिकाणी, जाऊन बसले, तर किडनी परत चालू झाली आणि ते घरी येऊन पुस्तक लिहून मग पुढच्या जानेवारीत गेले. आपल्याकडे पद्मजा फाटकांनी स्वतःच्या किडनीबदलावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'हसरी किडनी'. मी पाणी भरपूर पिते.)

एर्माचं ते लपवणं मला आधी खटकायचं. आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा खटकायचं बंद झालं.

सासूबाई हे आमच्या सदरातलं सगळ्यात चाललेलं पात्र. सदरातल्या सासूबाई म्हणजे कडक काम, भाजीवाल्याला इंग्रजीत झापणाऱ्या, सुनेच्या पोळ्यांचे नकाशे ओळखणाऱ्या, "ही ऑस्ट्रेलिया जमली हो आज." खऱ्या सासूबाई प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज इतका बारीक की रिक्षावाल्याला दोनदा पत्ता सांगावा लागायचा. मला भीती होती की त्यांना राग येईल. उलट झालं. भजनी मंडळातल्या बायका त्यांना वचकून वागायला लागल्या, आपल्याबद्दल घरी जाऊन सुनेला काही सांगतील आणि छापून येईल म्हणून, आणि सासूबाईंना ते अतिशय आवडलं. शुक्रवारी पुरवणी आली की आधी स्वतःला शोधायच्या. नसल्या तर म्हणायच्या, "या आठवड्यात मी नाही का गं?" मग पुढच्या आठवड्यात मी त्यांना दोन वाक्यं जास्त द्यायचे. नंतर नंतर तर आयडिया पण द्यायला लागल्या. "मला एकदा पोलीस स्टेशनात ने." नेलं. इन्स्पेक्टर रडला शेवटी.

त्या गेल्या तेव्हा माझ्याकडे तयार असलेले दोन लेख होते, फ्रीलान्सरकडे असतातच, आजारपणासाठी ठेवलेले. एका लेखात त्या होत्या. म्हणजे तेराव्याच्या आत पुरवणीत सासूबाई दुधवाल्याशी भांडत होत्या. तो लेख परत मागवता आला असता, पान लागायला दोन दिवस होते. मी नाही मागवला. नातेवाइकांपैकी एक-दोघांना ते अजिबात आवडलं नाही, त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं. त्यानंतर मात्र मला त्यांना लिहिता येईना. लिहायला घेतलं की खरा आवाज मध्ये यायचा, आणि त्या आवाजात दुधवाल्याशी भांडता येत नाही. मग मी त्यांना गावी पाठवलं. सदरात नुसतं लिहिलं, सासूबाई गावी गेल्या आहेत. महिने गेले, वाचकांची पत्रं यायला लागली, मेल यायला लागले, सासूबाई कधी येणार, एका आजोबांनी तर विचारलं की सुनेशी पटत नाही म्हणून गेल्या का, तसं असेल तर तुम्ही माफी मागा. घरी हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ पेपर चाळत बसले आणि म्हणाले, "आण ना परत. आईला आवडलं असतं."

आणली. एसटीने आली, कंडक्टरकडून सुटे पैसे वसूल करून. तो लेख माझ्या चांगल्या लेखांत धरतात लोक, का ते त्यांना माहीत नाही, आणि सदरात ते सांगायची सोयही नाही, कारण ती बाई जी लिहिते तिची सासू जिवंत आहे.

विषय कमी होत चाललेत ही तक्रार मात्र खरी आहे. पूर्वी डेंटिस्टवर लिहिलं की डेंटिस्ट फोन करून हसायचे, आता सात डॉक्टरांच्या सह्यांचं निवेदन येतं. व्यवसाय, गाव, आडनाव, आहार, कशाचंही नाव घ्यायची चोरी. म्हणून तर सगळे सदरकार हल्ली स्वतःवर आणि नवऱ्या-बायकोवर लिहितात, नवऱ्यांची संघटना नाही तोवर बरं आहे. शिवाय सकाळी सातला व्हॉट्सॲपवर जो विनोद सगळ्यांनी वाचलाय तो शुक्रवारी पुरवणीत चालत नाही. आणि माझेच जुने परिच्छेद लेखकाचं नाव कापून मला फॉरवर्ड होऊन येतात, खाली 'आवडलं म्हणून पाठवलं'. एकदा तर माझाच लेख 'पुलंचा एक अप्रतिम किस्सा' म्हणून आला, तेव्हा रागवावं की नाचावं कळेना. कॉपीराइटचं कलम शोधत होते, मग म्हटलं जाऊ दे, राहू दे तो त्यांच्याच नावावर.

आत्ता हे लिहीत असताना डेस्कवरून मेसेज आलाय. पानावर जाहिरात आली आहे, पंख्यांची, त्यामुळे या आठवड्याला सहाशेच्या ऐवजी चारशे वीस शब्द, तासाभरात. म्हणजे एकशे ऐंशी शब्द काढायचे. मी मॅटर उघडून बसलेय. सोसायटीच्या चेअरमनचा परिच्छेद काढला तर पुढचा खिशातल्या शिट्टीचा विनोद लागत नाही. सासूबाईंना हात लावणार नाही. राहिले हे. त्यांची लिफ्टमधली पूर्ण एंट्री साधारण पावणेदोनशे शब्दांची भरतेय. मी आतून ओरडून विचारलं, "अहो, या आठवड्यात तुम्हाला काढू का?" बाहेरून लगेच उत्तर आलं, "काढ, काढ, आणि पुढच्या आठवड्यात पण काढ."